सत्तावीस किलो

जुना अ‍ॅम्प सत्तावीस किलोचा होता.
हॅलिफॅक्समध्ये सपाट म्हणून काही नाही,
प्रत्येक पबला पायऱ्या,
आणि माझ्या उजव्या गुडघ्याला
त्या सगळ्या पाठ.
नाकापेक्षा मोती जड, म्हणून विकला.
शिपलीचा एक पोरगा आला,
एका हातानं उचलून गाडीत टाकून गेला.
आजोबा म्हणाला नाही, एवढीच मेहेरबानी.

नवा घेतला. दोन किलो,
चपलांच्या खोक्याएवढा,
कागदावर पाचशे वॉट.
पण नाइजलनं गिटारचं बटण आठवर नेलं
की ते पाचशे वॉट कुठं झिरपतात
मला अजून सापडलेलं नाही.
आणि गळती शोधणं हा तर माझा धंदा.

पाणीखात्यात आहे मी.
रात्री दोननंतर, गाड्या थांबल्या की,
रस्त्यावर लोखंडी कांब टेकवायची,
वरच्या लाकडी वाटीला कान लावायचा
आणि खालचा नळ काय म्हणतोय ते ऐकायचं.
बत्तीस वर्षं हेच.
बास हातात कसा आला
हे मला कुणी विचारत नाही,
ग्लेनिसही नाही.

पाच तारांचा आणून पाहिला एकदा.
पाचवी तार विहिरीसारखी खोल.
आमच्या चाळीस गाण्यांत
तिला काम पडलं एकदाच,
तेही माझं बोट चुकलं म्हणून.
एरवी तिच्यावर अंगठा टेकवून उभा राहायचो.
एकवीस दिवसांत परत घेत होते.
विसाव्या दिवशी दिला.

आता जुन्याच चार, चपट्या तारा.
सात वर्षं बदललेल्या नाहीत.
नाइजल म्हणतो, मेल्यात त्या.
मी म्हणतो, मुरल्यात.

गुरुवारी साडेसातला सराव,
टायरच्या दुकानावरच्या खोलीत.
शफीक सव्वाआठला येतो, मुलीचं पोहणं असतं,
आणि ड्रम जुळवेपर्यंत नऊ.
लोरेनला सर्दी झाली की गाणी एक सूर खाली येतात,
सर्दी गेली की ती वर जाते,
आम्हाला सांगायचं राहून जातं.
ग्वेनचा डावा हात माझ्या ताटात जेवतो.
मी म्हटलं, ग्वेन, खालचे सूर माझे ना?
हो की, म्हणाली, अगदी मनापासून.
हात मात्र जेवतच राहिला.
नाइजलच्या पायाशी अकरा पेडलं,
जत्रेतल्यासारखे लाल-हिरवे दिवे.
माझ्याकडे एकच, सूर जुळवायचं.
तेही तो मागून नेतो.

नोव्हेंबरात सोअर्बी ब्रिजला
कुणाच्या तरी साठीचा कार्यक्रम होता.
दुसऱ्या भागात, तिसऱ्या गाण्यात,
मी थांबलो.
तार तुटली नव्हती. मुद्दाम.
म्हटलं, बघू.

एक ओळ गेली. दोन.
नाइजलचे डोळे मिटलेले.
ग्वेन हसून कुणाला तरी मान डोलवत होती.
शफीकनं एकदा पाहिलं, पण भिंतीवरच्या घड्याळाकडे.
स्पीकरवर ठेवलेल्या माझ्या ग्लासातलं पाणी
पहिल्यांदाच स्थिर झालं.

आणि पुढ्यात नाचणारा एक म्हातारा,
गॅलसवाला, बायकोच्या कमरेला हात,
मध्येच अडला.
आपल्या बुटांकडे पाहू लागला,
नाडी सुटली की काय अशा नजरेनं.
त्याच्या बुटांना नाड्याच नव्हत्या.

मी पुढच्या ठोक्याला परत आलो.
त्याचा पायही आला.
बायकोला काहीतरी म्हणाला, ती हसली.

सामान भरताना नाइजल म्हणाला,
पुढच्या वेळी बास जरा कमी ठेव,
गुरगुरतो फार.
मी म्हटलं, बरं.

सोमवारी रात्री दोन दहा,
किंग क्रॉसच्या चढावर, वाटीला कान.
तिथं होता तो, ई आणि एफच्या मधला कुठला तरी,
महिनोन् महिने एकच सूर धरून बसलेला.
अडवावासा वाटेना.
मग निळ्या रंगाची फुली मारली.

घरी आलो तर
शिपलीच्या पोरानं जाहिरात टाकलेली:
जुना अ‍ॅम्प, चालू स्थितीत, फार जड.
उद्या जाऊन येतो.

गुडघ्याला अजून सांगितलेलं नाही.